सामाईक भिंतीची ओल

मी लेखक नाही. तरी लिहायला बसलो आहे, म्हणून आधी क्षमा मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शाळा सगळी कन्नडमध्ये झाली. मराठी घरात बोलायची, आणि तीही निम्मी कन्नड मिसळून. लिहायला शिकलो ते विठ्ठलमंदिरात, रविवारी सकाळी एक म्हातारे गुरुजी आम्हा मुलांना पाटी घेऊन बसवायचे तिथे. पुण्याहून नोकरीसाठी आलेले एक गृहस्थ एकदा माझं बोलणं ऐकून हसले होते. वाईट मनाने नाही, पण हसले. तेव्हापासून मराठीत चार ओळी लिहायच्या म्हटलं की माझा हात अडखळतो. इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात मुलांनी काहीतरी लिहावं असं ठरलं तेव्हा मी नकोच म्हणालो होतो.

मग दसरा झाला. रस्त्यावरच्या दिव्यांच्या माळा उतरल्या, गावोगावहून आलेली माणसं परत गेली, आणि दसऱ्यानंतरचा पाऊस लागला. आमच्याकडे त्याला हिंगारू म्हणतात. दुपारी तीन वाजता आभाळ काळं होतं, तासभर पडतं, संध्याकाळी पुन्हा ऊन येतं. या दिवसांत मी घरात शिरलो की पहिली नजर मधल्या खोलीच्या भिंतीकडे जाते. गेल्या वर्षापासूनची ही सवय आहे, ती जात नाही. तेव्हा तिच्याविषयीच लिहितो. विषय लहान आहे. एका भिंतीला ओल आली होती. ती का आली हे मी चुकीचं सांगितलं.

लष्कर मोहल्ल्यात आमचं घर एका बोळात आहे. बोळाच्या तोंडाशी पत्र्याचे डबे ठोकणारे बसतात, त्यामुळे सकाळी आठपासून कानात ठोकाठोक. आत गेलं की दोन घरं एकाच कौलारू छपराखाली उभी आहेत. मधली भिंत दोघांची. ती समोरच्या ओट्यापासून सुरू होते आणि मागे परसाच्या टोकापर्यंत जाते. आमच्या बाजूला पुढच्या खोलीत अप्पांचं शिवणकाम, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, मग परस. अप्पा म्हणजे माझे वडील. ते कोट शिवतात. शर्ट-पँट शिवणारे मोहल्ल्यात पुष्कळ आहेत, पण नवऱ्यामुलाचा कोट म्हटलं की लोक अप्पांकडे येतात.

कोटाच्या आत कॅनव्हास असतो. बाहेरून दिसत नाही, पण कोट छातीवर उभा राहतो तो त्याच्यावर. हा कॅनव्हास आणि अस्तराचं कापड अप्पा कधीही कोरडं कापत नाहीत. आधी परसातल्या दगडी डोणीत एक दिवस भिजवायचं, मग सावलीत वाळवायचं, मग इस्त्री, आणि मग कात्री. ते म्हणतात, "कापड धुतल्यावर आपलं खरं माप सांगतंच. गिऱ्हाइकाच्या घरी सांगण्याआधी आपणच विचारून घ्यावं." बोळातले दुसरे शिंपी त्यांना हसायचे. एवढा वेळ कोणाला आहे, म्हणायचे. पण अप्पांचा कोट दहा वर्षांनी धुतला तरी आखडायचा नाही. ती डोण आजोबांच्या वेळची. भिंतीला टेकून ठेवलेली, तळाशी भोक, त्यात चिंधीचा बोळा. काम झालं की आई बोळा ओढायची आणि पाणी मोरीने निघून जायचं. निदान आम्हाला तसं वाटायचं.

भिजलेल्या कॅनव्हासचा एक वास असतो. गोणपाट आणि खळ यांच्यामधला. माझ्या लहानपणाला तोच वास आहे.

भिंतीच्या पलीकडे मानोजीराव राहायचे. मी त्यांना मामा म्हणायचो, नातं काही नव्हतं. त्यांचे पणजोबा राजाच्या घोडदळात होते. मामा स्वतः बस डेपोत मेकॅनिक म्हणून राबून निवृत्त झाले होते. मामी मी लहान असतानाच गेल्या. मुलगा हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात होता, त्याने तिकडेच घर बांधलं होतं आणि बापाला बोलवत होता. मामा जात नव्हते. रोज सकाळी स्वतःचा पेला स्वतः घेऊन ते आमच्या पुढच्या खोलीत यायचे. कप आमचे होते, पण त्यांना तो पितळी पेलाच लागायचा.

"काय मास्टर, सुई चालतेय का?"

"चालतेय की. तुमची तलवार?"

"तलवार आजोबांबरोबर गेली. घोडा त्याच्याही आधी. माझ्या वाट्याला पाना आला, तोही डेपोत ठेवून आलो." मग आत बघून, "वहिनी, तुमच्या नवऱ्याला सांगा. आम्ही लढाया केल्या म्हणून तुम्हाला कोट शिवायला मिळतात."

आई आतून म्हणायची, "लढाईला कोट कोणी शिवला होता ते विचारा की."

आणि मामा मांडीवर थाप मारून हसायचे. हे रोज. शब्द थोडे इकडेतिकडे, पण रोज तेच. मला तेव्हा वाटायचं, या लोकांना तेच ते बोलून कंटाळा कसा येत नाही.

मी कॉलेजात गेलो तेव्हापासून मामांनी माझं नाव सोडून दिलं आणि मला बी.एस्सी. म्हणायला लागले. "काय रे बी.एस्सी., आज काय नवीन?" एकदा मी सांगितलं की बारीक नळीत पाणी आपोआप वर चढतं. विटेत, मातीत अशा बारीक नळ्याच असतात. त्यांनी चहा खाली ठेवून ऐकलं.

"म्हणजे वातीत तेल चढतं तसं?"

"हो, तसंच."

"अरे, मग कॉलेज कशाला? तुझ्या आईला विचारायचं की." पण नंतर अप्पांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मास्टर, पोरगं हुशार हाय हां. जपा."

ते मी ऐकलं होतं. आज ते वाक्य आठवलं की लिहिणं थोडं थांबवावं लागतं.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास मधल्या खोलीच्या भिंतीवर जमिनीपासून वीतभर काळसर पट्टा दिसला. हात लावला तर गार. थोड्या दिवसांनी चुन्याचे पोपडे सुटू लागले आणि त्यांच्याखाली पांढरं, पिठासारखं काहीतरी. आई म्हणाली, लोणा लागला. तो झाडला तरी दोन दिवसांत पुन्हा यायचा. खोलीत शिरलं की बंद पेटीसारखा वास यायचा.

मला त्या ओलीचं दुःख झालं नाही, हे कबूल करतो. मला आनंद झाला. पुस्तकातली गोष्ट माझ्या घरच्या भिंतीवर घडत होती. मी दर रविवारी ओलीच्या वरच्या कडेला पेन्सिलने रेघ मारायला लागलो. रेघेपुढे तारीख. अप्पा कौतुकाने बघायचे. गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोरगं भिंतीवर प्रयोग करतंय."

दसऱ्यानंतर रेघा भराभर वर चढल्या. पाऊस होता, पण पाऊस आषाढातही पडला होता आणि तेव्हा भिंतीवर काही नव्हतं. मी विचार करू लागलो. आमच्या मधल्या खोलीच्या बरोबर पलीकडे मामांची न्हाणी होती. आमच्याकडे तिला बच्चल म्हणतात. तिथे तांब्याचा हंडा, खाली चूल, आणि बाजूला दगडी फरशी. दसऱ्याला मुलगा, सून, नातवंडं, एच. डी. कोटे गावी दिलेली मुलगी, सगळी मामांकडे जमली होती. तेलाच्या अंघोळी चालल्या होत्या. पाणी ओतल्याचा आवाज भिंतीतून ऐकू यायचा. आणखी काय हवं होतं? मला कारण सापडलं.

पण कारण सापडलं म्हणून मी काही केलं नसतं. केलं ते एका कोटामुळे. मोतिया रंगाचा कोट होता, नवऱ्यामुलाचा. तयार कपडे टांगायची दांडी मधल्या खोलीतच होती. रात्री वाऱ्याने म्हणा, कशाने म्हणा, कोट सरकून भिंतीला लागला. सकाळी पाठीवर तपकिरी डाग, कडेला पांढरा लोणा. अप्पांनी बराच वेळ तो डाग बोटाने चाचपला. मग बसून त्यांनी कोटाची अख्खी पाठ उसवली. तीन दिवस लागले पुन्हा शिवायला.

"उद्या चहाला येतीलच मानोजीराव," अप्पा टाके उसवत म्हणाले. "सुम्ने, आपलं सहज, एकदा विचारून बघतो. त्यांची फरशी कुठं फुटली असेल तर बघतील की."

मी म्हणालो, "अप्पा, बोलून काही होत नाही. लिहून द्यावं लागतं."

असं मी अप्पांशी कधी बोललो नव्हतो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्याला न कळणारं काहीतरी या मुलाला कळतं, असा एक विश्वास होता. तो विश्वास मला फार आवडला. मी त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला, इंग्रजीत. आमच्या घराण्यातून इंग्रजीत गेलेला तो पहिला कागद. 'निग्लिजन्स' हा शब्द शब्दकोशात बघून दोनदा घातला. शेजाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे भिंतीला आणि व्यवसायाला नुकसान, असा मजकूर. खाली अप्पांनी कन्नडमध्ये सही केली. सही करताना म्हणाले, "मानोजीरावांचं नाव घालायलाच पाहिजे का रे?"

"घालावंच लागतं," मी म्हणालो.

अर्ज वॉर्डाच्या ऑफिसात दिला. आठ-दहा दिवसांनी एक माणूस आला, न्हाणी बघितली, आणि मामांच्या ओट्यावर उभा राहून माझा कागद कन्नडमध्ये समजावून सांगितला. मी आमच्या दाराआड होतो. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कागद जरा बघू?" त्यांना इंग्रजी थोडं थोडं यायचं, डेपोत काम केल्यामुळे. त्यांनी तो हातात धरून वाचला आणि परत दिला. "चांगलं लिहिलंय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेला आला नाही.

तिसऱ्या दिवशीही नाही. अप्पा चहा पिताना बोळाकडे बघायचे. आई म्हणाली, "तुम्ही जावा की." अप्पा उठले, चपला घातल्या, पुन्हा काढल्या. मी कॉलेजची पुस्तकं उघडून बसलो होतो.

मग दिवाळीच्या तोंडावर एके सकाळी भिंतीपलीकडून पहारीचा आवाज सुरू झाला. मामा एकटेच न्हाणीची फरशी फोडत होते. गडी लावला नव्हता. एक घाव, मग बराच वेळ शांतता, मग दुसरा. अप्पा मशीनवर बसलेले. प्रत्येक घावाला त्यांचा पाय थांबायचा. असं चार दिवस चाललं. चौथ्या दिवशी आवाज बंद झाला तेव्हा घरात कोणालाच बरं वाटलं नाही.

दिवाळी झाल्यावर हूटगळ्ळीहून मुलगा टेंपो घेऊन आला. सामान फार नव्हतं. मामा आमच्या ओट्यापाशी आले, आत शिरले नाहीत. अप्पा गळ्यात टेप अडकवलेले तसेच दारात जाऊन उभे राहिले.

"येतो मास्टर."

अप्पांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं.

"भिंतीकडं लक्ष ठेवा," मामा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं, पण या वेळी बी.एस्सी. म्हणाले नाहीत, नावही घेतलं नाही. मला ते बोलणं टोमण्यासारखं लागलं. मी मनात म्हटलं, ठेवूच.

आणि खरंच, डिसेंबरात भिंतीची ओल उतरू लागली. दर रविवारी नवी रेघ जुन्या रेघेच्या खाली. मी अप्पांना हात धरून नेलं आणि दाखवलं. "बघा. ते गेले आणि पाणी थांबलं." अप्पांनी मान हलवली. पुढच्या खोलीत जाऊन बसले. मामा ज्या स्टुलावर बसायचे त्याच्यावरची कापडं त्यांनी उचलून दुसरीकडे ठेवली. मग थोड्या वेळाने पुन्हा तिथेच आणून ठेवली.

संक्रांत झाली. लग्नांच्या तारखा निघाल्या, कोटांची कापडं यायला लागली, घर पुन्हा कॅनव्हासच्या वासाने भरलं. फेब्रुवारीत बाहेर कोरडं ऊन होतं, रस्त्यावर धूळ उडत होती, आणि माझी रेघ दिवाळीतल्या रेघेच्याही वर गेली. मी दोन रविवार रेघ मारलीच नाही. वाटलं, न मारली तर कोणाला दिसणार नाही. पण आईला ओल दिसली.

"अरे पांडू," ती म्हणाली, "कुलूप लागलेल्या घरातनं पाणी येतंय कुठनं?"

अप्पांनी मादय्या नावाच्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. मादय्या गुडघ्यावर बसला, भिंतीला तळवा लावला, त्या पांढऱ्या पिठाचा कण जिभेवर ठेवून थुंकला. मग माझ्या रेघांकडे बोट दाखवलं. "हे काय?" मी सांगितलं. त्याला अक्षर येत नव्हतं, म्हणून तारखा मी वाचल्या आणि तो महिने बोटांवर धरत गेला. शेवटी म्हणाला, "पावसात कमी. दसऱ्यानंतर जास्त. मग महिनाभर कमी. आता उन्हात जास्त. नोडी, बघा, ही ओल आभाळाची नाही. माणसाची आहे. या दिवसांत तुमच्या घरात काय असतं?"

मी पुन्हा रेघांकडे बघितलं. माझ्याजवळ फक्त तारखा होत्या. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिचा हात हळूहळू तोंडावर गेला.

"तेव्हा आपला हंगाम असतो," ती म्हणाली. "तेव्हा मी रोज डोण सोडते."

आमच्याकडे आषाढात लग्नं नसतात, श्रावणापासून पुन्हा सुरू होतात. संक्रांतीआधीच्या धनुर्मासातही नसतात. तेव्हा कोट नसतात, कॅनव्हास भिजत नाही, डोण कोरडी असते. मी हे जन्मापासून बघत आलो होतो. माझ्या प्रत्येक रेघेत ते लिहिलेलं होतं, आणि मी वाचलं ते शेजाऱ्याचं नाव.

मादय्याने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, भिंतीच्या बुडाशी हातभर खड्डा खणला. डोण भरायला सांगितली. आईकडून कपड्यांची नीळ मागून घेतली आणि पुडी त्या पाण्यात सोडली. मग बोळा ओढला. आम्ही चौघं खड्ड्याभोवती बसून राहिलो. मागे चुलीवर भात शिजत होता. बऱ्याच वेळाने खड्ड्यातल्या एका दगडाची कड ओली झाली, चकाकली, आणि खाली निळं पाणी साचू लागलं.

डोणीच्या भोकाखालची मोरी कधीतरी फुटली होती. पाणी बाहेर न जाता भिंतीच्या पायात उतरत होतं आणि पायाच्या दगडांमधून उताराने थेट मधल्या खोलीकडे जात होतं. वाटेत स्वयंपाकघराची भिंत चुलीच्या धगीने कोरडी राहायची, म्हणून कोणाला शंका आली नाही. अप्पांनी निळ्या पाण्यात बोट बुडवलं आणि पंच्याला पुसलं. ज्या पाण्याचा त्यांना आयुष्यभर अभिमान होता ते हे पाणी.

दुरुस्तीला आठवडा लागला. डोण हलवून परसाच्या मध्ये नेली. मोरी खणून नवा पाइप बसवला, उतार बाहेरच्या गटाराकडे दिला. मधल्या खोलीचा गिलावा कमरेपर्यंत खरवडून काढला आणि विटा उघड्या ठेवल्या. "लगेच झाकू नका," मादय्या म्हणाला. "श्वास घेऊ दे तिला. पाणी आलं तसं जाईल, पण वेळ लागेल." दोन महिने आम्ही त्या उघड्या विटांसमोर जेवलो. सोललेल्या गुडघ्यासारख्या दिसायच्या. रोज थोड्या फिक्या. मग चुन्याचा गिलावा केला. माझ्या रेघा त्याआधीच खरवडून गेल्या होत्या.

अप्पा मला लागेल असा एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. फक्त विटा वाळत होत्या तेव्हा एकदा म्हणाले, "कागद तू लिहिलास. तूच जाऊन सांग. मी गेलो तर मानोजीराव मलाच धीर देतील. ते बरं नाही."

उगादीला, म्हणजे पाडव्याला, आईने कडुलिंब आणि गुळाची डबी माझ्या हातात दिली. वर्षाचा पहिला दिवस आहे, म्हणाली, आज कोणी तोंड फिरवत नाही. मी बसने हूटगळ्ळीला गेलो. तिथे सगळी घरं नवी, रंग ओले, झाडं हातभर उंच. विचारत विचारत गल्ली सापडली. मामा व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. पाठमोरे. नातवाची सायकल उलटी करून चाक फिरवत होते आणि त्याला काहीतरी समजावत होते. खांदे उतरले होते. मी विजेच्या खांबापाशी उभा राहिलो. मनात वाक्य जुळवत होतो. मामा, ते पाणी आमचंच होतं. एवढंच वाक्य. अर्ज लिहिताना मला इंग्रजी शब्दही सुचले होते. हे एक वाक्य घरच्या बोलीत तोंडातून निघेना. पाऊण तास असेन. मग परतीची बस आली आणि मी चढलो. डबीतलं कडू आणि गोड, दोन्ही बसमध्ये मीच खाल्लं.

घरी अप्पांनी विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी स्टुलावर कापडं ठेवणं बंद केलं. सकाळी बोळात पावलं वाजली की मशीन थांबवायचे. मी परीक्षेचा अभ्यास करत होतो. परीक्षा संपली की जाऊन सांगीन, मग माझं खोटं खरं होईल, असा माझा हिशेब होता. वाटायचं, माणसं कुठे जातात, हूटगळ्ळी तर आहे, अर्ध्या तासावर.

आता पुन्हा हिंगारू आहे. भिंत कोरडी आहे. हात लावला तर बाकीच्या भिंतींसारखीच लागते, तिथे काही झालं होतं हे नव्या माणसाला कळायचं नाही. शेजारच्या घरात दुसरी माणसं आली आहेत, चांगली आहेत. अप्पा कॅनव्हास अजून भिजवतात. डोण सोडायची वेळ झाली की स्वतः परसात जातात आणि शेवटचा थेंब गटारात पडेपर्यंत उभे राहतात. उगादीचं खोटं मी त्यांना सांगितलं आहे. हूटगळ्ळीहून दुसऱ्यांदा परत आलो त्याच संध्याकाळी सांगितलं, तिथे जे ऐकलं तेही सांगितलं. त्यांनी गळ्यातला टेप काढून खिळ्याला लावला. दोन दिवस मशीन उघडलं नाही. लग्नाचा कोट होता, तरी नाही. तिसऱ्या दिवशी बसले. कॉलेजात मला अजूनही चांगले गुण पडतात. पण एखादी गोष्ट मला नक्की ठाऊक आहे असं वाटू लागलं की आता भीती वाटते, आणि मी शेजारच्याला विचारतो. मित्र हसतात.

दुसऱ्यांदा गेलो ते परीक्षा संपल्यावर, ज्येष्ठात. या वेळी खांबापाशी थांबलो नाही. व्हरांड्यात खुर्ची नव्हती. दार मामांच्या सुनेने, शांतावहिनींनी उघडलं. "अय्यो, पांडू! ये की. ऊन किती हाय बघ." मी उभ्या उभ्याच विचारलं, मामा आहेत का. त्या म्हणाल्या, बस आधी. पाणी आणून दिलं. मी पिऊन पेला खाली ठेवला.

"मामंजी गेले रे," मग म्हणाल्या. "वैशाखात. एच. डी. कोट्याला गेले होते, वन्संकडं. तिथंच छातीत दुखलं. दोन दिवस शुद्धीवर होते. हे म्हणाले, मास्टरांना कळवतो. मामंजींनीच नको म्हटलं. म्हणाले, लग्नाचे दिवस हायेत, हातातलं सोडून येईल तो माणूस."

मी म्हणालो, "वहिनी, ते पाणी आमचंच होतं. आमच्या डोणीचं. मामांची काही चूक नव्हती. हे सांगायलाच आलो होतो."

त्या पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "ते ठाऊक होतं त्यांना. फरशी फोडली तेव्हा खाली सगळं कोरडं ठणठणीत होतं. माती भुरभुरत होती. मी तिथंच होते, दिवाळीच्या तयारीला आले होते. म्हटलं, मामंजी, मग जाऊन दाखवा की मास्टरांना, बोलवून आणा इथं. राग तर होता त्यांना, दोन दिवस जेवले नव्हते नीट. पण नको म्हणाले. पहार ठेवली आणि म्हणाले, होगली बिडी, जाऊ दे. पोरानं पहिलाच कागद लिहिलाय. बापासमोर तो खोटा पडायला नको."